मतदानाच्या ‘जुन्या’ चित्राखालची ओळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील निवडणुकांवरील लेखासोबत जे रंगीत चित्र छापले होते, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. लाल ठिपक्यांचा झगा घातलेली एक तरुणी मतदानाच्या कक्षातून बाहेर पडते आहे, मागे मिटणाऱ्या पडद्यात तिच्या झग्याचा घेर अडकला आहे, ती दचकून आपल्याकडे पाहते आहे आणि वर ठळक अक्षरांत, गुप्त ठेवायचे ते मत, बाकीचे दिसले तरी हरकत नाही, अशा अर्थाची खट्याळ ओळ आहे. चित्राखाली आपण छापले होते की, मतदानाचा हक्क मिळाल्यावर अमेरिकी महिलांना मतदानाला प्रवृत्त करणारे हे १९४० च्या दशकातील पोस्टर आहे.

पुढच्या रविवारी या चित्रावर दोन वाचकांची पत्रे प्रसिद्ध झाली. एका गृहस्थांना ते घरोघरी जाणाऱ्या वर्तमानपत्राला न शोभणारे वाटले, तर एका पत्रलेखिकेने मतदानासारख्या रुक्ष विषयातही गंमत शोधणाऱ्या अमेरिकेचे कौतुक केले. चित्राखालची ओळ मात्र दोघांनीही खरी धरली. माझे म्हणणे त्या ओळीपुरतेच आहे. उपयोजित कला शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि जुन्या छपाईचे नमुने विद्यार्थ्यांपुढे मांडणे हा त्या नोकरीतला माझ्या विशेष आवडीचा भाग होता. त्यामुळे असे चित्र समोर आले की, झग्याच्या आधी माझी नजर कोपऱ्यातल्या सहीकडे, अक्षरांच्या वळणाकडे आणि छपाईच्या ठिपक्यांकडे जाते. या तिन्ही ठिकाणी आपले चित्र १९४० च्या दशकातले वाटत नाही.

सही तर चित्रात कुठेच नाही. मथळ्याची अक्षरे संगणकावर जुळवलेली आहेत, कारण एकच अक्षर जेथे जेथे आले आहे तेथे त्याच्या कडेचा ‘झिजलेला’ टवका अगदी त्याच जागी उडालेला आहे. हाताने रेखाटलेल्या किंवा खरोखर झिजलेल्या अक्षरांत असे घडणे शक्य नाही. तरुणीच्या गालावर छपाईचे ठिपके नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. त्या काळच्या चांगल्या रंगीत कॅलेंडरावरचे ठिपके पाहायला भिंग लागते, आणि इतके मोठे ठिपके हल्ली चित्र जुने भासावे म्हणून मुद्दाम टाकतात. सर्वांत ठळक पुरावा तिच्या खांद्याखाली चिकटवलेला आहे. ध्वजाचे चित्र आणि ‘मी मत दिले’ अशी इंग्रजी अक्षरे असलेले ते लहानसे स्टिकर मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली ती १९८० च्या दशकात. म्हणजे चित्रकाराने, तो कोणीही असो, चाळीस वर्षांनंतरची वस्तू आपल्या नायिकेच्या अंगावर लावली आहे. त्याने ती फसवण्यासाठी लावली असे मी म्हणत नाही. त्याला जुन्या शैलीत आजची गंमत करायची असावी आणि ती त्याने छान साधली आहे. घोटाळा झाला आहे तो ते चित्र दस्तऐवज म्हणून छापण्यात.

ही जुनी शैली कोठून आली, हे समजून घेतल्याशिवाय त्या ओळीतील दुसरी चूक लक्षात यायची नाही. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात १८९६ मध्ये ब्राउन अँड बिगेलो नावाची कंपनी निघाली आणि पुढे ती जाहिरातीच्या कॅलेंडरांची फार मोठी उत्पादक झाली. पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांची ती प्रसिद्ध चित्रेही याच कंपनीसाठी काढली गेली होती. तिचे गिऱ्हाईक म्हणजे गावोगावचे गॅरेजवाले, लोखंड-सामानाचे दुकानदार, विमा एजंट आणि असेच लहान-मोठे व्यावसायिक. चित्र कंपनी निवडत असे, चित्राखाली मोकळी पट्टी सोडत असे, त्या पट्टीत दुकानदाराचे नाव छापले जाई आणि ते कॅलेंडर वर्षभर कोणाच्या तरी भिंतीवर लटकत असे. त्या भिंती बहुतेक पुरुषांच्या कामाच्या जागांमधल्या होत्या, आणि चित्रातली तरुणी पाहत असे ती त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या पुरुषाकडे.

सेंट पॉलमध्येच १९१४ साली जन्मलेला गिल एल्व्हग्रेन हा या कंपनीचा सर्वांत गाजलेला चित्रकार, आणि आपल्या पुरवणीतले चित्र उघडपणे त्याच्या घराण्यातले आहे. आधी मॉडेलचे छायाचित्र घ्यायचे, मग तैलरंगांत, साधारणपणे ३० इंच बाय २४ इंचांच्या कॅनव्हासवर, पाय थोडे लांब, कंबर थोडी बारीक आणि डोळे थोडे मोठे करून तीच मुलगी पुन्हा उभी करायची, ही त्याची रीत होती. प्रसंग नेहमी साधा आणि क्षणाचा असे. कुत्र्याचा पट्टा पायांत गुरफटतो, शिडीला स्कर्ट अडकतो, गळाला मासा लागायच्या ऐवजी झग्याचे टोक लागते. मुलगी स्वतःहून काही दाखवत नाही, अपघाताने ते दिसते, आणि ती ओठांचा चंबू करून ‘अरेच्चा’ म्हणते. सगळी कारागिरी त्या ‘अरेच्चा’त असते. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की विषय बाजूला ठेवा आणि या माणसाने गालावरचा उजेड आणि रेशमाची घडी कशी रंगवली आहे ते पाहा, कारण जाहिरातीसाठी काम करूनही रंगाशी इतका इमानी राहिलेला हात क्वचित पाहायला मिळतो.

आपल्या चित्रातील पडद्याची कल्पना या परंपरेला फार चपखल बसते, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १८९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे खटक्याचे मतदान यंत्र प्रथम वापरले गेले, आणि १९३० च्या दशकापर्यंत बहुतेक मोठ्या शहरांत ते पोहोचले होते. मतदार आत गेला की एक मोठा दांडा ओढायचा, त्याने पाठीमागचा पडदा बंद व्हायचा. पसंतीच्या नावांचे छोटे खटके खाली करायचे आणि पुन्हा तोच दांडा उलट फिरवला की मत नोंदले जाऊन पडदा उघडायचा. मत नोंदणारा आणि पडदा हलवणारा दांडा एकच असल्यामुळे झगा अडकण्याची गंमत तेथे खरोखर घडण्यासारखी आहे. ज्याने हे चित्र काढले त्याने यंत्राचा अभ्यास केलेला दिसतो, आणि म्हणूनच त्या स्टिकरचे मला अधिक आश्चर्य वाटले.

आता चित्राखालच्या ओळीतील ‘महिलांना प्रवृत्त करणारे’ या भागाकडे येते. अमेरिकेच्या संविधानातील एकोणिसावी दुरुस्ती १९२० च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाली. १९४० उजाडेपर्यंत तेथील स्त्रियांनी अध्यक्षपदाच्या पाच निवडणुकांत मत दिले होते, तेव्हा त्या हक्काची नवलाई सांगणारे पोस्टर त्या दशकात निघण्याचे कारण नव्हते. त्या दशकात पिन-अप चित्रे, म्हणजे भिंतीवर टाचून लावायची अशा तरुणींची चित्रे, खरी कोठे होती म्हणाल, तर सैनिकांच्या कपाटांच्या दारांवर आणि बॉम्बफेकी विमानांच्या नाकाडांवर. ‘मेम्फिस बेल’ या प्रसिद्ध विमानावरची तरुणी जॉर्ज पेटी याने ‘एस्क्वायर’ मासिकासाठी काढलेल्या चित्रावरून रंगवलेली होती. या सैनिकांचा आणि मतदानाचा संबंध मात्र खराच गमतीदार आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचे वय १८ वर आले, पण मतदानाचे वय २१ च राहिले. कपाटावरच्या सुंदरीकडे पाहत युरोपात लढायला गेलेल्या कित्येक पोरांना तिने लाख विनवले असते तरी मत देता आले नसते. १९४३ मध्ये जॉर्जिया राज्याने तेवढे आपल्यापुरते वय १८ केले. देशभर ते व्हायला १९७१ उजाडावे लागले. खऱ्या १९४० च्या दशकातले खट्याळ चित्र काढायचे असते, तर माझ्या मते विषय हाच होता.

स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी काढलेली खट्याळ चित्रे पाहायची असतील, तर आणखी तीसएक वर्षे मागे जायला हवे, आणि ती चित्रे पिन-अपइतकी गाजली नाहीत याची मला खंत आहे. वॉशिंग्टनमधील चित्रकर्ती नीना अॅलेंडर हिने १९१४ पासून ‘द सफ्रेजिस्ट’ या मताधिकार चळवळीच्या साप्ताहिकासाठी व्यंगचित्रे काढली. मताचा हक्क मागणारी बाई म्हणजे वयस्कर, कर्कश, नवऱ्याला धाकात ठेवणारी अशीच त्या काळच्या विरोधी पोस्टकार्डांवर रंगवली जात असे. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छापखान्याने काढलेल्या बारा पोस्टकार्डांच्या मालिकेत तर बाई मत द्यायला निघाल्यामुळे बाळ सांभाळणारा बाप डोक्यामागे तेजोवलय घेऊन बसलेला दाखवला आहे. अॅलेंडरने या चित्राला उत्तर दिले ते तरुण, नीटनेटकी, ऐटदार आणि डोळ्यांत मिश्कील भाव असलेली मुलगी काढून. ‘अॅलेंडर गर्ल’ याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. १९१६ च्या व्हॅलेंटाइन दिनाला अॅलेंडर आणि तिच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना प्रेमपत्रांच्या थाटातील शुभेच्छापत्रे पाठवली आणि त्यांतून मताधिकाराची मागणी केली. देखणेपणाचा आणि थट्टेचा वापर येथेही आहे, पण चित्र काढणारी, पाठवणारी आणि मागणारी बाईच आहे. विशेष म्हणजे, पुढे व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभ्या राहिल्याबद्दल, कागदोपत्री वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल, ज्या स्त्रिया १९१७ मध्ये तुरुंगात गेल्या, त्यांना त्यांच्या मताधिकारवादी संघटनेने दिलेली तुरुंगाच्या दरवाजाच्या आकाराची छोटी पिनही याच अॅलेंडरने रेखाटलेली होती.

त्याच सुमारास, पहिल्या महायुद्धाच्या काळात, हॉवर्ड चँडलर क्रिस्टी या नामवंत चित्रकाराच्या नौदलभरतीच्या पोस्टरवर, खलाशाचा सदरा आणि टोपी घातलेली एक हसरी तरुणी, मी पुरुष असते तर नौदलात गेले असते, असे म्हणत होती. अमेरिकी नौदलाने मार्च १९१७ पासून कारकुनी आणि तत्सम कामांसाठी स्त्रियांची भरती सुरूही केली होती, म्हणजे तिला पुरुष होण्याची वाट पाहावी लागत नव्हती. देशातील बहुतेक राज्यांत मात्र तिला मत नव्हते. पोस्टरवरच्या मुलीने पुरुषांना युद्धाला पाठवायचे आणि रस्त्यावरच्या मुलीने मत मागितले तर कोठडीत जायचे, हे दोन्ही एकाच सुमारास घडत होते. आपल्या लेखकाला मतदान आणि सुंदरीचे चित्र यांवर लिहायचेच होते, तर ही दोन चित्रे शेजारी शेजारी छापली असती तरी लेखाची शान वाढली असती.

या शैलीला सरसकट पुरुषी म्हणून मोडीत काढणेही मला पटत नाही. ब्राउन अँड बिगेलोच्या आघाडीच्या चित्रकारांत झोई मोझर्ट होती आणि ती अनेकदा आरशापुढे स्वतःच बसून स्वतःचीच मॉडेल होत असे. पर्ल फ्रश आणि जॉइस बॅलेंटाइन याही याच धंद्यातल्या उत्तम चित्रकर्त्या. कॅलेंडरावरची मुलगी पाहणाऱ्याला तिच्या कॅनव्हासमागे बाई उभी असेल अशी शंकाही येत नसे. चित्रकाराचे नाव छापण्याचा आग्रह मी का धरते, याचे एक कारण हेही आहे.

ज्या गृहस्थांनी असे चित्र छापूच नये असे लिहिले, त्यांना एक जुनी हकीकत सांगते. अल्बर्टो व्हार्गास या पेरू देशात जन्मलेल्या चित्रकाराच्या तरुणी ‘एस्क्वायर’ मासिकात येत असत. १९४३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याच्या प्रमुखांनी, हे मासिक सार्वजनिक हिताला हातभार लावत नाही, असे कारण देऊन त्याची सवलतीच्या टपालदराची परवानगी काढून घेतली. त्यामुळे मासिकाला वर्षाला सुमारे पाच लाख डॉलरचा भुर्दंड पडला असता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४६ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की, कोणते साहित्य हितकारक हे टपालदराच्या आडून ठरवण्याचा अधिकार खात्याला नाही. मला तो निकाल आजही योग्य वाटतो. योगायोग असा की त्याच १९४६ मध्ये, जुलै महिन्यात, भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व घेता येईल असा कायदा तेथे झाला. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारी आपल्यांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज तेथे मत देतात, त्याची वाट त्या कायद्याने प्रथम उघडली. दक्षिणेतील राज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र कागदावरचा १९२० चा हक्क प्रत्यक्षात वापरायला १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत थांबावे लागले, आणि त्या काळच्या या कॅलेंडरांवर त्यांचा चेहरा शोधूनही सापडणे कठीण. ‘अमेरिकी महिलांना हक्क मिळाल्यावर’ असे एका ओळीत लिहिताना एवढी तरी आठवण ठेवायला हवी होती.

पत्रलेखिकेच्या कौतुकाबद्दलही थोडे लिहिते, कारण गंमत तर मलाही आवडते. बेटी बूप ही व्यंगचित्रपटातली नखरेल नायिका १९३२ मध्ये, नेमक्या निवडणुकीच्या तोंडावर, चक्क अध्यक्षपदाची उमेदवार म्हणून पडद्यावर आली होती. मत द्या म्हणून इतरांसाठी गळ घालण्याऐवजी ती स्वतःसाठी मते मागत होती, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पिन-अपचा ढंग तरुण मतदारांना मतदानकेंद्राकडे वळवण्यासाठी उघडपणे वापरला गेल्याचे गाजलेले उदाहरण १९९० चे आहे. ‘रॉक द व्होट’ या मोहिमेच्या जाहिरातीत मॅडोना लाल अंतर्वस्त्रांवर राष्ट्रध्वज पांघरून, मत दिले नाही तर फटके मिळतील, असे लाडिकपणे बजावताना दिसली, आणि ध्वजाचा अवमान झाला म्हणून ओरडही झाली. आपल्या पुरवणीतल्या चित्राची खरी भावंडे त्या जाहिरातीच्या बाजूची आहेत. आज अशी चित्रे कपांवर, टी-शर्टांवर छापून हौसेने घेणाऱ्यांत स्त्रियाही आहेत, आणि १९८० पासून अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक राहिले आहे. म्हणजे त्या मुलीला पडद्याआडून बोलावण्याची गरज कोणाला आहे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हा चावटपणा परका नाही. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातील खिडकीचित्रे ज्यांनी लहानपणी मोठ्यांची नजर चुकवून उघडली आहेत, त्यांना पहिल्या पानावर भलतेच भासवून दुसऱ्या पानावर हिरमोड करण्याची युक्ती पाठ आहे. दलाल आणि मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया तर आपण नुसत्या वळणावरून ओळखत होतो, तरीही कोपऱ्यात सही असायची आणि अंकाचे वर्ष छापलेले असायचे. म्हणूनच आज पन्नास-साठ वर्षांनीही कोणते चित्र कोणत्या दिवाळीचे, हे निःशंकपणे सांगता येते. हीच शिस्त आपण परदेशी चित्रालाही लावावी एवढीच माझी विनंती आहे: चित्रकाराचे नाव, साल, ते प्रथम कोठे छापले गेले आणि त्यावरचा मजकूर मूळचा की नंतर घातलेला. यातले काही कळत नसेल तर तसे लिहावे. जागा भरण्यासाठी दशक ठोकून देऊ नये. दहावी-बारावीची मुले प्रकल्पासाठी आपल्या पुरवणीची कात्रणे काढतात आणि छापले आहे म्हणजे खरे आहे, असे धरून ती वहीत चिकटवतात.

दुरुस्ती छापणार असाल तर चित्र पुन्हा छापण्याची गरज नाही. ‘गेल्या पुरवणीतील मतदानाचे चित्र १९४० च्या दशकातील नसून त्या काळच्या अमेरिकी कॅलेंडरांच्या शैलीत अलीकडे काढलेले आहे, चित्रकाराचे नाव उपलब्ध झालेले नाही’, एवढ्या दोन ओळी पुरतील. आणि जागा शिल्लक असेल, तर तेथे नीना अॅलेंडरचे एखादे व्यंगचित्र नावासकट आणि सालासकट छापावे.

आपली विश्वासू,
उपयोजित कलेची एक निवृत्त शिक्षिका,
कोल्हापूर